काटा लाल होता

मेकॅनिकलची पदवी घेऊन मी सहा वर्षं जावा लिहितोय. त्यामुळे "आपल्या ८०० चं हेड गॅस्केट मी घरीच बदलतो" असं साताऱ्याच्या अंगणात जाहीर केलं, तेव्हा आई हसली. बाबा काहीच बोलले नाहीत. ते ३२ वर्षं फिटर होते.

लक्षणं स्पष्ट होती. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस, सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि गळती कुठेच दिसत नसताना कूलंट गायब. गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यातलं पातळ पॅकिंग. सिलिंडरमधला दाब, ऑइल आणि पाणी यांना ते एकमेकांत मिसळू देत नाही. इंजिन फार तापलं की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, पॅकिंगची पकड सुटते.

घरी मी सांगितलं होतं, "गाडी अचानक तापली."

अचानक वगैरे काही नव्हतं. पुण्याहून येताना खंबाटकी घाटातच काटा लालला टेकला होता. चारला कॉल होता. मी एसी बंद केला आणि गाडी तशीच सुरूरपर्यंत दामटली.

शनिवारी सकाळी इंजिन थंडगार असताना सुरुवात केली. बॅटरीची वायर काढली, कूलंट बादलीत सोडलं, टायमिंगच्या खुणा जुळवून त्यांचे फोटो काढले आणि मग बेल्ट उतरवला. हा बेल्ट एक दात जरी चुकला तरी सगळं चुकतं, आणि इथे कंट्रोल झेड नाही. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करायचे. हेड निघालं. जुनं पॅकिंग दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळालं होतं. बाबांनी ते हातात घेऊन उन्हात बराच वेळ पाहिलं आणि खाली ठेवलं.

मग त्यांनी त्यांची जुनी सरळपट्टी आणली. हेडवर आडवी धरली, खालून ०.०५ मिमीचं फीलर पातं सरकवलं. ते सहज गेलं. म्हणजे फेसिंग. हेड लेथवाल्याकडे दिलं, सोमवारची रजा टाकली. मधल्या वेळात ब्लॉक प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला. बोल्टच्या भोकांत राहिलेलं पाणी टिपायला बाबांनी लावलं. ते आत अडकलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो, हे मला कोणत्याच सेमिस्टरला कुणी सांगितलं नव्हतं. (किंवा सांगितलं असेल, मी कँटीनला असेन.)

सोमवारी नवं पॅकिंग, वर हेड. आता बोल्ट मधून बाहेर आवळायचे, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने. दुसऱ्या फेरीत मी थांबलो.

"बाबा, काटा घाटातच लाल झाला होता. मी थांबलो नाही."

"कितवा बोल्ट झाला?"

"पाचवा."

"मग आधी फेरी पूर्ण कर."

संध्याकाळी नवं ऑइल आणि कूलंट भरलं. दुसऱ्या स्टार्टरला इंजिन लागलं. रेडिएटरमधले बुडबुडे थांबले, थोड्या वेळाने फॅन फिरला, काटा मध्यावर स्थिरावला. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, काट्याकडे बघत.

मी चहासाठी आत बोलावलं.

"इथंच आण," ते म्हणाले.