पटावरची नजर आणि शेतातली नजर

२०२५ सालच्या जुलै महिन्यात नागपूरच्या कु. दिव्या देशमुख हिने जॉर्जिया देशातील बटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. वय अवघे एकोणीस, आणि अंतिम सामन्यात समोर कोनेरू हंपी यांच्यासारख्या मातब्बर खेळाडू. आळेफाट्याच्या कांदा बाजारातही ही गोष्ट निघाली. जुन्या मंडळींना मुंबईच्या खाडिलकर भगिनी आठवल्या. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तिचे पहिले विजेतेपद वासंतीताईंचे. पुढे जयश्री आणि रोहिणी या बहिणींनीही ते घरात आणले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जवळच्या गावचे एक शेतकरी ऑफिसात आले. फवारणीचे विचारून झाले, तरी उठेनात. मग म्हणाले, "साहेब, थोरल्या पोरीचं गणित कच्चं आहे. बुद्धिबळाच्या क्लासला घातली तर डोकं चालंल का?" कांद्याचे भाव पडलेले, चाळीतला माल सडू लागलेला, आणि फी वर्षाची आगाऊ. वरवर उत्तर देऊन भागण्यासारखे नव्हते.

अमेरिकेत १९७३ साली चेस आणि सायमन या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चालू डावाचा पट पाच सेकंद दाखवायचा, मग झाकायचा आणि आठवून मांडायला सांगायचे. पटावर चोवीसच्या आसपास मोहरी. मुरलेल्या खेळाडूने एका नजरेत सोळाएक बरोबर मांडली, नवख्याने चारच. मग तीच मोहरी कशीही विस्कटून ठेवली, तेव्हा मुरलेला आणि नवखा जवळजवळ एकाच पंगतीत बसले! म्हणजे स्मरणशक्ती दांडगी नव्हती. हजारो डाव खेळून ठरावीक मांडण्या ओळखीच्या झाल्या होत्या. आपण शब्द एकदम वाचतो, एकेक अक्षर जुळवीत बसत नाही, तसेच.

जपानात शोगी नावाचा बुद्धिबळासारखाच खेळ आहे. तिथल्या संशोधकांनी २०११ मध्ये व्यावसायिक खेळाडूंचे मेंदू यंत्राने तपासले. क्षणात चाल सुचवायला सांगितली, तेव्हा मेंदूच्या आत खोलवर, सवयीशी संबंधित असलेला एक भाग जागा झालेला दिसला. हौशी खेळाडूंत तसे दिसले नाही. पुढे नवख्यांकडून पंधरा आठवडे सराव करून घेतला, तेव्हा त्यांच्यातही तो भाग काम करू लागला. सरावाने मेंदू घडतो तो असा.

मला यात नवल वाटले नाही. बांधावरून चालता चालता खुरपणारी बाई सांगते, "त्या कोपऱ्यात करपा आलाय." आम्ही पदवीवाले वाकून पातीवरचे जांभळट चट्टे बघतो, तेव्हा खात्री होते. तिला कसे कळले, हे तिलाही धड सांगता येत नाही. बाजारात मूठभर कांदा चाळवून तो किती टिकेल हे सांगणारा माणूसही त्याच जातीचा. अशा माणसांना आपण अडाणी म्हणतो, याचा मला फार राग येतो.

पण करपा ओळखणाऱ्या बाईला त्यामुळे म्हशीचा आजार ओळखता येत नाही. पटाचेही तेच. इंग्लंडमध्ये शंभर शाळा घेऊन नऊ-दहा वर्षांच्या मुलांपैकी काहींना तीस आठवडे बुद्धिबळ शिकवले. वर्षभराने गणिताची परीक्षा घेतली, तर शिकलेली आणि न शिकलेली मुले सारखीच निघाली. हा अहवाल २०१६ चा.

म्हणून त्यांना स्पष्ट सांगितले, "गणितासाठी ही फी भरू नका. गणित गणितानेच सुधारेल. शाळेतल्या बाईंना भेटा, कुठे अडते ते विचारा. पोरीला खेळाचीच गोडी असेल, तर साधा पट आणा. गोडी टिकली तर क्लासचे पुढच्या पट्टीला बघू." त्यांना जरा हलके वाटलेसे दिसले. पोरीला मात्र अजून कोणी विचारलेच नव्हते. ते आधी करा म्हटले.

पटाचेही पैसे नसतील, तर घरातल्या म्हाताऱ्यांना नवकंकरी विचारा. नाणेघाटातल्या कातळावर जुन्या खेळांचे पट कोरलेले आहेत, इतकी ही आपल्याकडची जुनी आवड. अंगणात खडूने एकात एक तीन चौकोन काढायचे आणि बाजूंचे मध्य रेघांनी जोडायचे. एकाकडे नऊ चिंचोके, दुसऱ्याकडे मक्याचे नऊ दाणे. आपले तीन एका रेघेत आले, की समोरच्याचा एक उचलायचा.