उमरीचा मोंढा : स्पर्धा आणि शेजारधर्म

मुदखेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उमरी लागते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ३० जानेवारी १९४८ रोजी येथील बँकेवर पडलेल्या छाप्यामुळे गावाचे नाव इतिहासात नोंदले गेले. पैशाशी जडलेली येथील दुसरी गोष्ट मात्र मोंढ्यात पाहावयास मिळते.

सोयाबीनच्या हंगामात हर्रासी सुरू झाली की शेजारी-शेजारी दुकाने असलेले व्यापारी एकमेकांचे पक्के प्रतिस्पर्धी होतात. क्विंटलमागे दहा रुपयांसाठीही कोणी सहजी मागे हटत नाही. परंतु बाजार समितीच्या नियमानुसार शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी चुकते करावे लागतात. अशा वेळी एखाद्याची रोकड अपुरी पडली, तर सकाळी त्याच्याविरुद्ध बोली लावणारा शेजारीच हातउसने देतो. ना चिठ्ठी, ना व्याज. अवकाळी पावसाचे थेंब पडू लागताच हमालही ढीग कोणाचा हे न विचारता ताडपत्री ओढतात.

बँकेत पत ठरविण्यास तारण लागते; येथे शेजाऱ्याचा शब्द पुरतो. शेतकऱ्याला यातले काही ठाऊकही नसते. तो दिवस मावळण्यापूर्वी मालाचे पूर्ण दाम कनवटीला लावून गावाकडे निघालेला असतो.