दादाची बोट

'बडा घर पोकळ वासा' ही म्हण मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. पण तिचा अर्थ मला पटला तो परवाच्या उन्हाळ्यात, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, एका बोटीवर हातोडी ठोकताना!

माझे थोरले बंधू सेंट पॉल शहराच्या कडेला राहतात. या राज्याच्या मोटारींच्या पाट्यांवर 'दहा हजार तळी' असे लिहिलेले असते. हिवाळ्यात ही तळी इतकी गोठतात की लोक त्यांवरून मोटारी नेतात. म्हणून उन्हाळ्याचे तीन महिने माणसे पाण्यावरून हलायला तयार नसतात. दादानेही मुले लहान असताना, २००४ साली, एक जुनी स्की-बोट घेतली. बोट १९८६ सालची. बोटीने दोर ओढायचा आणि मागे माणसाने पायांत फळ्या अडकवून पाण्यावरून घसरत जायचे, असा हा खेळ. इंजिन बोटीच्या मध्यभागी असते. त्यामुळे मागे लाट कमी उठते आणि घसरणाऱ्याला पाणी सपाट मिळते.

मी पोचलो त्याच रविवारी दादा मला पेपिन तळ्यावर घेऊन गेला. तळे कसले, ती मिसिसिपी नदीच! पलीकडच्या विस्कॉन्सिनमधून येणाऱ्या चिपेवा नदीने गाळ आणून टाकला, त्याने मिसिसिपीचा प्रवाह तुंबला आणि पाणी पसरले. लांबी सुमारे ३५ किलोमीटर. दोन्ही तीरांना हिरवेगार उंच कडे. मला तर जयगडची खाडी आठवली, फक्त माडांवाचून.

याच तळ्याकाठी लेक सिटी नावाचे लहानसे गाव आहे, आणि पाण्यावरच्या स्कीचा जन्म इथलाच. १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात आले की, बर्फावर घसरता येते तर पाण्यावर का नाही? पिंपाच्या फळ्या झाल्या, बर्फावरच्या स्की झाल्या. प्रत्येक वेळी गडी पाण्यात! अखेर त्याने पाइनच्या आठ फुटी फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळत्या पाण्यात त्यांची टोके मऊ करून वर वाकवली आणि पावलांसाठी चामड्याचे पट्टे ठोकले. बोट भाऊ चालवीत होता. फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवून मागे रेलायचे, ही युक्ती २ जुलै रोजी साधली आणि पोरगा पाण्यावर उभा राहिला. जगाने मात्र त्याचा हा मान मान्य करायला १९६६ साल उजाडले.

दादा हे सांगत होता, पण त्याचे लक्ष काठावरून जाणाऱ्या बोटींकडे होते. मी विचारले, "आपली का नाही आणली?"

"तिची तळजमीन पायाखाली दबते," तो म्हणाला. "उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पाहिली. बाहेरून अशी झळझळीत, की काल दुकानातून आणली असावी! बाहेरचे कवच काचतंतूंचे. त्याला गंज नाही, कीड नाही. पण आत लांबीभर लाकडी वासे असतात. त्यांना इकडे स्ट्रिंगर म्हणतात. इंजिनाचा सारा भार त्यांवर. वाशांवरही काचतंतूंचा थर असतो. मात्र त्यात कुठे एक स्क्रूचे भोक उघडे राहिले की पाणी शिरते, बाहेर पडायला वाट नसते, आणि बुरशी लाकूड खात राहते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी याबाबतीत अधिक वाईट.

दादाने हातोडी दिली. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो. इथे भिजल्या गोणीवर मारल्यासारखा आला. मग त्याने बारीक भोक पाडले. आतून निघाला तो चहाचा चोथा!

हिशेब सरळ होता. कारागिराकडून दुरुस्ती करावी तर त्या पैशात दुसरी बरी बोट येईल. स्वतः करावी तर सारा उन्हाळा जाईल. कारण काचतंतूंवर चढवायचे रेझिन थंडीत नीट आवळत नाही. आणि हा उन्हाळा तर पुतणीचा घरातला शेवटचा. ऑगस्टमध्ये ती नोकरीसाठी दूर जाणार होती. वहिनी म्हणाल्या, "टाकून द्या. पोरीला घेऊन आठ दिवस कुठे तरी फिरून येऊ."

दादा माझ्याकडे वळला. "तू सांग. तुला अनुभव आहे."

तो टोमणा नव्हता. पण मला लागला. २०११ साली राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या वाशांना वाळवी लागली, तेव्हा दादा फोनवर म्हणाला होता, "जरा थांब, मी येतो, दोघे मिळून बघू." मी थांबलो नाही. माझा हिशेबही असाच सरळ होता. घर विकले. तो हिशेब आजही चुकलेला नाही. पण दादा आला तेव्हा बघायला काही उरले नव्हते.

मी म्हटले, "दादा, मागच्या वेळी मी एकट्याने ठरवले. या वेळी मी बोलणार नाही. तिला विचार."

पुतणीने बोटीत उतरून मागची जाड फळी ठोकून पाहिली. तिथला आवाज टणक होता. "फिरायला मी मैत्रिणींबरोबरही जाईन, बाबा," ती म्हणाली. "करवत कुठे आहे?"

वहिनींनी अट घातली: पुढच्या मेपर्यंत बोट पाण्यात, नाही तर गॅरेज त्यांच्या ताब्यात.

माझे उरलेले तीन आठवडे त्या गॅरेजात गेले. नायगारा राहिला, शिकागो राहिले. तळजमीन कापली, भिजलेला फोम खरवडला, कुजके वासे बादल्या भरभरून बाहेर काढले. अंगाला काचतंतूंची खाज अशी सुटे, की रात्री झोप येऊ नये. पण दादा आणि मी इतके बोललो ते लहानपणानंतर प्रथमच. आणि त्यात घराचा विषयही निघाला.

निघण्याच्या आदल्या दिवशी पहिला नवा वासा बसला. त्यावर थर चढवण्यापूर्वी दादाने खिशातून पेन्सिल काढली आणि लाकडावर आमच्या गावाचे नाव लिहिले. आता ते कोणाला दिसणार नाही. पण ते तिथे आहे, हे आम्हा तिघांना ठाऊक आहे.