क्रिकलवूडची पायपीट

३ मे
सोलापुरात पारा ४३ ला टेकल्याचं धाकट्या भावाने फोनवर सांगितलं. इथे लंडनमध्ये मी अंगात स्वेटर, कानाला मफलर. लेकीने मोबाइलवर नकाशा लावून दिला. "बाबा, निळा ठिपका बघत चालायचं, चुकणार नाही," म्हणाली आणि कामावर गेली. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि फोन खिशात टाकला. मान खाली घालून हिंडणाऱ्याला गल्ली कशी कळणार?

आपला जन्म टपाल वाटण्यात गेला. साखर पेठ, जोडभावी पेठ, नंतर पूर्व भागातलं बीट. तिथे पाकिटावर काय, तर 'मारुतीसमोर, गिरणीची गल्ली' आणि पुढे नुसतं आडनाव. एका आडनावाची घरं ओळीने. कुणाचे माग, कुणाचा जावई, कुणाची म्हातारी तेलुगूच बोलते, एवढं ठाऊक असलं तरच पत्र पोचायचं. इथे विषम आकडे एका बाजूला, सम समोर. कुणाला काही विचारावं लागत नाही. विचारायला रस्त्यावर कुणी नसतंही म्हणा.

५ मे
पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांपाशी थांबलो. दोन्ही कडेला खांब, खांबावर लुकलुकणारे पिवळे गोळे. हे गोळे १९३४ मध्ये वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशाने आणले, त्याच्याच नावाने ओळखले जातात. पट्टे १९५१ चे. गाडी थांबली. मी तिला 'जा' म्हणून हात केला, ड्रायव्हरने मला. मागे आणखी दोन गाड्या, हॉर्न नाही. शेवटी मीच गेलो. सोलापुरात सात रस्त्यावर असा मान मिळाला असता तर मी घाबरून परत फिरलो असतो.

पुढे सिग्नलला पांढरी काठी घेतलेला एक गृहस्थ उभा होता. त्याने बटण दाबलं आणि हात डब्याच्या खालीच ठेवला. हिरवा माणूस लागताच चालू पडला, ठाम. तो गेल्यावर मी डब्याखाली चाचपून पाहिलं: बुडाला बोटाच्या पेराएवढा, खाचा असलेला शंकू. पुन्हा बटण दाबून बोट धरून ठेवलं. हिरवं होताच शंकू गरगर फिरायला लागला. ज्याला दिसत नाही त्याला बोटाने कळतं. रस्ता न ओलांडता तिथेच आणखी एकदा दाबून पाहिलं. पलीकडची एक बाई माझ्याकडे बघत राहिली. बघू दे.

पायाखाली गुटगुटीत उठावांच्या लाल फरश्या असतात, त्याही याचसाठी. ती युक्ती जपानची, सेइची मियाके नावाच्या माणसाची, रस्त्यावर पहिल्यांदा १९६७ मध्ये आली.

संध्याकाळी लेकीला विचारलं, लोक लाल असतानाही खुशाल पलीकडे जातात, दंड नाही का? नाही म्हणाली. पायी माणसाला इथे तो गुन्हाच नाही. ऐकून बरं वाटलं.

९ मे
घराबाहेरचा मोठा रस्ता नाकासमोर धरून चाललो. रोमन लोकांनी आखलेला, म्हणून असा सरळसोट. पण नावं बघा: क्रिकलवूड ब्रॉडवे, शूट-अप हिल, किलबर्न हाय रोड, मेडा व्हेल, एजवेअर रोड. एक दोरा, त्यात पाच मणी. आपल्याकडे उलट. कंबर तलाव म्हणा की संभाजी तलाव, तळं एकच. सोलापूरच्या पोस्टमनला एका जागेची दोन नावं पाठ असावी लागतात, इथल्याला एका रस्त्याची पाच.

मेडा व्हेलच्या टोकाला कालवा लागतो, त्याच्या आसपास हाउली प्लेस. १० नंबरला निळी गोल पाटी: लोकमान्य टिळक, १९१८-१९. पत्रकार चिरोलवर लावलेल्या अब्रूनुकसानीच्या दाव्यासाठी आले होते. दावा हरले. फुटपाथवर उभं राहून पाटी वाचली. आत कुणी राहतं, त्यांना त्रास कशाला.

१४ मे
आज किलबर्नहून डावीकडे, स्विस कॉटेजवरून किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते घर. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. हाही नंबर १०! पंतप्रधानांचा १० नंबर जगाला ठाऊक. आपले दोन मला पायी सापडले.

कोपऱ्यावरच्या पाटीत रस्त्याच्या नावापुढे टपालाचा आकडा: एनडब्ल्यू ३. आमचं क्रिकलवूड एनडब्ल्यू २. मी धरून चाललो होतो की आकडा वाढला म्हणजे शहरापासून लांब. आपला पिन तसाच शिस्तीत चालतो: पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून जिल्हा. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ मध्ये बसवला, मराठी माणूस. पण इथे पहिला आकडा मधल्या कचेरीचा आणि पुढचे, १९१७ मध्ये दिलेले, चक्क इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने! क्रिकलवूड 'सी' म्हणून २, हॅम्पस्टेड 'एच' म्हणून ३, हेन्डन ४, केंटिश टाउन ५, किलबर्न ६. अंतराशी काडीचा संबंध नाही. हे जावईबापूंनी रात्री संगणकावर शोधून दिलं. तेव्हापासून पाट्या वाचायला वेगळीच मजा येते. नकाशावर जे कळत नव्हतं ते पाटीवर कळतं.

१६ मे
पूर्वेकडेही तीच गंमत: ई ४ म्हणजे चिंगफर्ड, 'सी' म्हणून बो या 'बी' नंतर लगेच. प्रत्यक्षात पार शहराच्या कडेला, एपिंगच्या जंगलाला लागून. चालत जातो म्हणालो तर लेक चिडली. रविवारी आगगाडीने जायचं ठरलं, परतीचं मी बघतो म्हणालो. बुटात नवे तळवे घातले.