घाटंजीचं ठोक दुकान ऑनलाइन नेताना

घाटंजीच्या बाजारात आमचं ठोक दुकान आहे. फवारणी पंप, त्यांचे सुटे भाग, स्प्रिंकलर, पाईप, ताडपत्री, दोर हा आमचा माल. शेतकरी थेट आमच्याकडे क्वचितच येतो. आमचे गिऱ्हाईक म्हणजे पारवा, आर्णी, पांढरकवडा आणि पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद भागातले कृषी केंद्रवाले नि हार्डवेअरवाले. जून लागला की त्यांचे फोन पहाटेपासून सुरू होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठ्यांचे फोटो येऊन पडतात आणि रात्री दुकान बंद झाल्यावर त्या एकेक करून वहीत उतरवाव्या लागतात. या दुकानदारांना स्वतःच ऑर्डर टाकता यावी असं ऑनलाइन दुकान उभं करायचं, हे २०२५ च्या उन्हाळ्यात मी मनावर घेतलं. तोवर संगणकावर मला येत होतं ते टॅलीत बिल काढणं आणि ईमेल पाठवणं, एवढंच.

ऑनलाइन दुकान म्हणजे फोटो, खाली भाव आणि त्याखाली बटण, अशी माझी समजूत होती. यवतमाळला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा सुट्टीत आला होता, त्याला बसवून घेतलं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, या पंपाचा भाव किती लिहू?" मी बोलायला लागलो. रोखीचा एक, उधारीचा दुसरा, पूर्ण पेटी उचलली तर तिसरा, आणि जुन्या गिऱ्हाइकाचा त्याहून वेगळा. त्याने लिहायचं थांबवलं. इतकी वर्षं गल्ल्यावर बसूनही एका पंपाचा भाव मला एका आकड्यात सांगता येत नव्हता. ठोक धंद्यात भाव वस्तूला चिकटलेला नसतो, घेणाऱ्याला पाहून ठरतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

म्हणजे चिल्लर विक्रीसाठी बनवलेलं तयार ऑनलाइन दुकान आमच्या कामाचं नव्हतं. गरजेप्रमाणे भाग जोडता-काढता येतील असं काहीतरी हवं होतं. भाच्याने ईआरपीनेक्स्टचं नाव काढलं. हे सॉफ्टवेअर मुंबईत तयार झालेलं आहे. रुशभ मेहता यांनी २००८ मध्ये ते लिहायला घेतलं, आणि त्यामागे घरच्या फर्निचरच्या धंद्यात आलेला अनुभव होता. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. परवान्याचे पैसे न भरता कोणीही तो उतरवून घ्यावा, वाचावा, बदलावा. तळाशी फ्रॅपे नावाचा पाया असतो, त्यावर हिशेब, साठा, विक्री यांचं मुख्य काम बसतं, आणि बाकीचे भाग वेगळ्या अ‍ॅपच्या रूपात वरून जोडायचे. ऑनलाइन दुकानाचं वेबशॉप, पैसे घेण्याचं पेमेंट्स, जीएसटीचं इंडिया कम्प्लायन्स. या भागांना मॉड्यूल म्हणतात, मी त्यांना 'खण' म्हणायला लागलो. वेबशॉप पूर्वी मुख्य सॉफ्टवेअरच्या पोटातच होतं, पंधराव्या आवृत्तीपासून ते वेगळं काढलं आहे. ज्याला ऑनलाइन विकायचंच नाही, त्याने तो खण घ्यायलाच नको, हे मला फार पटलं.

आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून दुकानात मशीन न ठेवता भाड्याचा सर्व्हर घेतला. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून त्याला कामं सांगायची. इथे 'बेंच' नावाचं साधन वापरतात. बेंचला सांगून मी वेबशॉप उतरवून घेतलं आणि आमचं पान उघडलं, तर दुकानाचा पत्ताच नाही. पुन्हा उतरवून पाहिलं, तरी तेच. भाच्याने फोनवर समजावलं, की कोड मशीनवर आणणं हे एक काम आणि तो आपल्या साइटला बसवणं हे दुसरं. एकाच मशीनवर अनेक साइट राहू शकतात, प्रत्येक साइट आपल्याला हवे तेच खण बसवून घेते. शिवाय बसवण्याला क्रम आहे, पाया आधी, मग हिशेब, दुकान शेवटी. दुसरी आज्ञा दिल्यावर दुकानाचं पान उघडलं. पूर्ण कोरं, पण आमचं.

आता खरा प्रश्न आला, आपलं काम कोणत्या खणांत वाटायचं? मी कागदावर चार चौकटी काढल्या: ऑर्डर घेणं, माल बांधणं, बिल करणं, वसुली. आमच्या दुकानाचा दिवस असाच चालतो. भाच्याने कागद पाहिला आणि विचारलं, "मामा, उद्या कंपनीने भाव वाढवला तर यातल्या कोणत्या चौकटीत हात घालाल?" ऑर्डरमध्ये, बिलात आणि वसुलीतही, असं उत्तर निघालं. मग त्याने अभ्यासक्रमातली एक गोष्ट सांगितली. डेव्हिड पार्नस या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एका लेखात एकच छोटा प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी तोडून दाखवला होता. एकदा कामाच्या टप्प्यांप्रमाणे आणि एकदा पुढे काय बदलेल याप्रमाणे. दुसरी तऱ्हा टिकाऊ ठरते, कारण एक गोष्ट बदलली की एकाच खणाला हात लागतो. मी नवा कागद घेतला. आमच्याकडे सारखं बदलतं काय? भाव, कर, उधारी आणि साठा. त्या चार शब्दांवर पुढचं सगळं काम उभं राहिलं.

सुरुवात मालाच्या यादीपासून केली. यात एकाच वस्तूच्या दोन नोंदी असतात, एक हिशेबाची आणि एक दुकानाच्या पानावर दिसणारी. हिशेबातलं नाव कंपनीचं ठेवायचं, पानावरचं नाव वेगळं देता येतं. पाईपचे इंचाप्रमाणे प्रकार एकाच मूळ वस्तूखाली लावता येतात. कोणता माल नगावर, कोणता पेटीवर, कोणता मीटरवर आणि कोणता बंडलावर जातो, आणि एका बंडलात किती मीटर, हेही सांगावं लागतं. यादी पूर्ण झाल्यावर एका ओळखीच्या कृषी केंद्रवाल्याला पान दाखवलं. त्याने शोधाच्या चौकटीत 'पाठीवरचा पंप' लिहिलं आणि पानावर काहीच आलं नाही. आमच्याकडे ते पंप डब्याच्या छापील नावाने, नॅपसॅक स्प्रेअर म्हणून नोंदले होते. त्या रात्री सगळी यादी गिऱ्हाइकाच्या तोंडच्या नावांनी पुन्हा लिहायला बसलो.

मग भाव. गिऱ्हाइकांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला आपली भावयादी जोडायची. ज्याने आपलं नाव टाकून आत प्रवेश केलेला नाही, त्याला भाव दिसूच नये अशीही सोय आहे, ती चालू केली. थोड्याच दिवसांत एका दुकानदाराचा फोन आला, "भाऊ, माह्या पानावर भाव वायला अन् त्याच्या पानावर वायला, हे काऊन?" दोघं एकाच गावचे, माल साधारण सारखाच उचलणारे. मी याद्या उघडून बसलो. फरकाला कारण मिळालं नाही. एकजण घासाघीस करायचा, दुसरा मुकाट्याने सांगितलेले पैसे द्यायचा, इतकंच. वहीत हे कधी शेजारी-शेजारी आलं नव्हतं. संगणकाला नियम सांगायचा तर आधी नियम असावा लागतो. दोघांनाही एकाच यादीत घेतलं. मुकाट्याने पैसे देणाऱ्याचा भाव खाली आला.

कराचा खण सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात तोच सर्वांत शिस्तीचा निघाला. व्यापारी गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि तेलंगणाचे ३६. पुढची दहा अक्षरं पॅनची. शेवटचं अक्षर आधीच्या सगळ्यांवरून गणिताने काढलेलं असतं, त्यामुळे टाइप करताना एखादा अंक चुकला तर बहुधा तिथेच पकडला जातो. माल पारव्याला गेला तर कर केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मानिम्मा लागतो, आदिलाबादला गेला तर एकच आंतरराज्य कर. ई-वे बिलाची मर्यादाही वेगळी. राज्याबाहेर पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ते लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. हे सगळं मी आजवर मुनीमजींना विचारून करत होतो. इथे मला ते पहिल्यांदा स्वतः समजलं, कारण खणाला समजावून सांगितल्याशिवाय तो चालत नाही.

उधारीपाशी मात्र बराच अडकलो. सॉफ्टवेअरला उधारीचे दिवस हवेत. आमच्याकडे उधारी दिवसांवर चालत नाही, पिकावर चालते. जूनमध्ये नेलेल्या मालाचे थोडे पैसे सोयाबीन विकल्यावर दसरा-दिवाळीत येतात, बाकीचे कापूस घरात आल्यावर. शोधता शोधता कळलं की एका बिलाचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळी मुदत देता येते. तसे दोन भाग केले. प्रत्येक गिऱ्हाइकाला उधारीची मर्यादाही लावता येते, ती ओलांडली की ऑर्डर अडते. पण पाऊस लांबल्यावर, दुबार पेरणीच्या दिवसांत, मशीनने माणसाला परस्पर नाही म्हणावं हे मला मान्य नव्हतं. म्हणून थेट ऑर्डर बंद ठेवली. दुकानदाराची मागणी आधी कोटेशन म्हणून माझ्याकडे येते, मी पाहतो, गरज पडली तर फोन करतो आणि मग ती ऑर्डर होते. उधारीचा हिशेब मशीनने ठेवावा, उधार द्यायचं की नाही हे माणसाने ठरवावं.

पानावर एक जागा 'यासोबत हेही घ्या' अशा वस्तूंची असते. मोठी ऑनलाइन दुकानं तिथे विक्री वाढवणारा माल लावतात. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते दिवस इथलं कोणी विसरलेलं नाही. प्रत्येक फवारणी पंपाखाली त्या जागेत मी हातमोजे, चष्मा आणि मास्क लावले. आधी हा माल आमच्या मागच्या मांडणीत पडून असायचा आणि दुकानदार मागतच नसत. समोर दिसायला लागल्यावर मागायला लागले.

साठ्याने मला शिस्त लावली. पानावर पंप शिल्लक दिसायचा आणि गोदामात नसायचा, कारण गल्ल्यावर तोंडी विकलेला माल कोणी नोंदवत नव्हतं. हातात असलेला माल, कोणाला तरी कबूल केलेला माल आणि खरोखर विकायला मोकळा माल, हे तीन आकडे वेगवेगळे असतात. ते खरे राहायचे तर गल्ल्यावरची प्रत्येक विक्रीही त्याच वेळी चढवावी लागते. दुकानातल्या पोरांना हे शिकवायला साइट उभी करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पार्नसच्या त्या गोष्टीची परीक्षा २२ सप्टेंबर २०२५ ला झाली. त्या दिवसापासून जीएसटीचे टप्पे बदलले. स्प्रिंकलर बारा टक्क्यांवरून पाचवर आले, पीव्हीसी पाईप अठरावरच राहिला. आधीच्या रात्री मी फक्त कराचा खण उघडला, वस्तूंच्या गटांना नवा कर आणि तो लागू होण्याची तारीख दिली. भाव, उधारी, साठा यांना हात लावला नाही. सकाळचं पहिलं बिल मुनीमजींनी कागदावर ताडून पाहिलं. पैशापैशाने बरोबर होतं.

आजही काही दुकानदार फोनच करतात आणि करत राहतील. पण रात्री चिठ्ठ्या उतरवण्याचं काम पुष्कळ कमी झालं आहे, आणि माझा धंदा कोणत्या नियमांवर चालतो हे मला आता लिहून दाखवता येतं. तालुक्याच्या गावी ठोक दुकान चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की सॉफ्टवेअर बघायला जाण्याआधी एक वही घ्या. आपल्याकडे काय सारखं बदलतं ते लिहा, आणि कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता भाव आणि का, तेही लिहा. मग विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. यातली एक गोष्ट बदलली तर बाकीच्यांना धक्का लागेल का? आणि माझी गिऱ्हाइकं, माझे भाव, माझा हिशेब मला हवा तेव्हा पूर्ण बाहेर काढून नेता येईल का? दोन्हींची उत्तरं नीट मिळाली तरच पैसे मोजा.