वनाच्या वेशीवर, वडीलधाऱ्यांसह

भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीकडे निघालात, की धानाच्या बांध्या दोन्ही हातांना सोबत करू लागतात आणि पवनीच्या अलीकडे कोंढा हे गाव येते. प्रवासवर्णनांत या गावाचे नाव सहसा आढळणार नाही. परंतु उतारवयात मुलांकडे शहरात राहावयास गेलेल्या अनेकांचे मूळ घर याच पट्ट्यात आहे, आणि ‘एकदा गावी जाऊन जंगल पाहून यावे’ ही त्यांची इच्छा घरात वरचेवर ऐकू येते. ती ‘पुढे पाहू’ म्हणून टाळली जाते. आपण काळजीवाहक असाल, तर हे ‘पुढे’ बहुधा येत नाही, हे आपणही जाणता.

जंगल येथून दूर नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य 2012 मध्ये घोषित झाले. सुमारे 189 चौरस किलोमीटरचे हे वन पवनी तालुक्यासह नागपूर जिल्ह्यातील उमरेड, कुही व भिवापूर या तालुक्यांत पसरले आहे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांचे हे पानझडी रान असून त्याच्या एका अंगाला वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचा जलाशय आहे. नागझिऱ्याहून चालत आलेला ‘जय’ नावाचा वाघ येथेच प्रसिद्धीस आला आणि 2016 मध्ये दिसेनासा झाला. तेव्हापासून प्रत्येक पर्यटक वाघाच्याच मागे असतो. वृद्धांबरोबर जाताना हा हव्यास घरी ठेवावा, कारण वाघामागे धावणाऱ्या गाडीचे धक्के कंबरेला सोसावे लागतात.

परदेशांतील काही वनोद्यानांत घोड्यावरून रानवाटा हिंडण्याची आणि रात्री तंबूत राहण्याची सोय असते. येथे अभयारण्यात तसे करता येत नाही. उघड्या जिप्सीतून, मार्गदर्शकासह फेरी करावयाची आणि मुक्काम प्रवेशद्वाराबाहेर करावयाचा, अशी रीत आहे. घोड्याचीच हौस असेल, तर मोटारींना बंदी असलेल्या माथेरानला घोडेवाला लगाम धरून सोबत चालतो. मात्र घोड्यावरून पडणे म्हणजे माणसाच्या उंचीहून पडणे होय. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, हाडे ठिसूळ झाली असतील किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ती हौस सोडलेलीच बरी.

जिप्सीलाही कमी लेखू नये. मागच्या आसनावर धक्के सर्वाधिक बसतात. म्हणून वडीलधाऱ्यांना मधल्या रांगेत बसवावे, खाली जाड उशी द्यावी आणि चढण्यासाठी घरून एक लहान स्टूल न्यावे. चालकाला गाडी सावकाश हाकण्याची विनंती निघण्यापूर्वीच करावी. ठिसूळ हाडांच्या व्यक्तीला एका मोठ्या आदळण्याने पाठीचा मणका दबू शकतो. फेरीनंतर पाठीत नवी, एकाच जागी ठणकणारी वेदना सुरू झाली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून तेल चोळीत बसू नये. क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांच्या अनुमतीवाचून फेरीचे आरक्षण करू नये.

परंतु या प्रवासातील खरी अडचण निराळी आहे आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही. फेरी तीन-चार तासांची असते आणि वनात वाटेल तेथे गाडीखाली उतरण्यास मनाई असते. हे कळताच घरातील वृद्ध, विशेषतः स्त्रिया, आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करतात. त्या हे सांगत नाहीत. ‘तहान नाही’ म्हणतात. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होऊ नये, एवढाच त्यामागे हेतू असतो. परिणाम मात्र गंभीर असतो: रक्तदाब उतरतो, गाडीतून उतरताना भोवळ येते, लघवीचा संसर्ग जडतो, आणि काहींना संध्याकाळी एकाएकी भ्रम होऊ लागतो. घरचे म्हणतात, जागा बदलली म्हणून असे झाले.

म्हणून हा विषय आपणच, एकांतात आणि संकोच न ठेवता काढावा. आदल्या दिवशी नेहमीइतके पाणी पिऊ द्यावे. फेरीपूर्वीच्या दोन तासांत थोडे कमी केले तरी चालते. निघण्याच्या वेळी स्वच्छतागृहात जाऊन यावे. गाडीत घोट-घोट पाणी चालू ठेवावे. शोषक चड्डी घालणे ही लाजेची गोष्ट नव्हे. ती एकदा घरी वापरून पाहिली की संकोच गळून पडतो. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यावी लागत असेल, तर दुपारची फेरी निवडावी. गोळीची वेळ पुढे ढकलणे शक्य आहे का, हे डॉक्टरांना विचारावे, स्वतः ठरवू नये. मधुमेही व्यक्तीने जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊन उपाशी गाडीत बसू नये; साखर खिशात ठेवावी आणि तसे मार्गदर्शकाला सांगून ठेवावे.

दुपारची फेरी हिवाळ्यात आणखी एका कारणाने बरी: पहाटेच्या गारठ्यात उघड्या गाडीचा वारा दम्याच्या आणि हृदयरोगाच्या रुग्णांना सोसवत नाही. मात्र परतताना सूर्य कलतो आणि थंडी अकस्मात उतरते. कानटोपी आणि शाल आधीच हाताशी असावी.

मुक्काम कोंढ्यातील आपल्याच घरी किंवा नातलगांकडे असेल, तर त्याहून उत्तम ते काय! अंगणात तंबू ठोकण्याचा नातवंडांचा हट्ट पुरवावा, पण आजी-आजोबांची खाट घरातच, न्हाणीघराजवळ, मच्छरदाणीत असावी. जमिनीवर अंथरूण नको. गुडघे वाकवून रात्री उठणे कठीण, हे एक कारण. दुसरे कारण मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. त्याच्या दंशाची वेदना इतकी कमी असते की पुष्कळदा ती कळतही नाही. शंका आली तरी मांत्रिकाकडे न जाता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पवनी व भंडारा येथे शासकीय रुग्णालये आहेत. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी घरचीच चादर आणि रात्रभर तेवणारा मंद दिवा सोबत न्यावा. पोहोचल्याच्या दिवशी फेरी ठेवू नये.

एक सकाळ पवनीसाठी राखून ठेवावी. 1969-70 च्या उत्खननात येथे प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. वैनगंगेचे घाट मात्र वरूनच पाहावेत; पायऱ्या उतरण्याचा आग्रह नको. खुर्ची सोबत असेल, तर तासभर नदीकडे पाहत बसता येते, आणि जुन्या ओळखीचे कुणी ना कुणी तेथे भेटतेच.

परतल्यावर तीन आठवडे तापाकडे लक्ष असू द्यावे. झुडपांतील बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफसचे रुग्ण 2018 मध्ये नागपूर परिसरात मोठ्या संख्येने आढळले होते. काखेत, जांघेत वा कमरेभोवती सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते, पण दुखत नसल्याने वृद्धांच्या ती लक्षात येत नाही. आंघोळीच्या वेळी आपणच पाहावे, आणि ताप आल्यास डॉक्टरांपुढे पहिले वाक्य हेच असावे: आम्ही जंगलात जाऊन आलो आहोत.