रोहिडखोऱ्याचा वकील आणि मुंबईचा गोरा सावकार

भोर तालुक्यातील भोंगवलीत राहून ॲबर्डीनशायरच्या एका घराण्याची वंशावळ चाळण्याचे मला प्रयोजन काय, असे कोणी विचारल्यास मी रंगो बापूजी गुप्ते यांचे नाव सांगेन. कारण ज्या रोहिडखोऱ्याची देशपांडेगिरी त्यांच्या वतनात होती ते आमच्याच मुलखातले, आणि साताऱ्याच्या पदच्युत छत्रपती प्रतापसिंहांची कैफियत घेऊन ते १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनात ज्या कंपनी सरकारचे उंबरठे झिजवीत राहिले, त्याच कंपनीच्या भागधारकांच्या सभेत महाराजांचा पक्ष घेणाऱ्या मोजक्या गोऱ्यांत सर चार्ल्स फोर्ब्स हा वृद्ध व्यापारी होता.

हा चार्ल्स एका खेड्यातील धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याचा चुलता जॉन याने १७६७ मध्ये मुंबईत पेढी घातली आणि, आमच्याकडचा चाकरमानी मुंबईची कमाई गावच्या जमिनीत घालतो त्याप्रमाणे, आपले द्रव्य डॉन नदीकाठच्या न्यू या गावच्या मिळकतीत घातले. पुतण्या कोवळ्या वयात मुंबईस आला, पेढीचा मुखत्यार झाला, मद्रास फौजेतील मेजर कॉटग्रेव्ह यांच्या कन्येशी विवाहबद्ध झाला. १८२१ मध्ये चुलत्यामागे मिळकत त्याच्याकडे आली आणि दोन वर्षांनी बॅरोनेटचा किताबही.

मात्र मुंबई सरकारला कर्ज पुरविणाऱ्या सावकारी पेढ्यांत फोर्ब्सची पेढी अग्रगण्य होती, आणि १८०३ च्या युद्धात शिंदे-भोसल्यांवर चालून गेलेल्या फौजांचा खर्च ज्या सरकारी तिजोरीतून भागला तीत असल्या कर्जाचा पैसा होता, ही गोष्ट त्याचे गुणगान करताना दृष्टीआड करणे मला प्रशस्त वाटत नाही. मराठेशाहीच्या उच्छेदाला हातभार लावणाऱ्या व्यवहारातून संपन्न झालेला मनुष्य उतारवयात मराठ्यांच्याच छत्रपतीसाठी न्याय मागतो, यास कोणी पश्चात्ताप म्हणेल. मला तसे वाटत नाही. करार मोडणे हे त्याच्या व्यापारी बुद्धीला पातकच वाटत असावे, आणि साताऱ्याशी १८१९ मध्ये केलेला तह हा तर कंपनीच्याच सहीशिक्क्याचा करार होता. सदाचरणाचा उगम इतका रूक्ष असला म्हणून त्याचे मोल उणावते, असे मी तरी मानणार नाही.

१८१२ पासून वीस वर्षे तो पार्लमेंटात होता, आणि हिंदी रयतेची बाजू तेथे मांडीत राहिला. मुंबई सोडून त्याला पाव शतक उलटल्यावर तेथील हिंदी नागरिकांनी वर्गणी जमवून शिल्पकार चँट्रीकडून त्याचा संगमरवरी पुतळा करविला आणि तो टाऊन हॉलात बसविला. सेनापती नव्हे, गव्हर्नर नव्हे, एका व्यापाऱ्यासाठी हा खटाटोप व्हावा, यात त्या काळच्या शेटियांची पारखही दिसते.

प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीस निवर्तले, पुढील वर्षी सातारा खालसा झाले, आणि १८४९ च्या नोव्हेंबरात फोर्ब्सही गेला. थोरला मुलगा आधीच वारल्यामुळे किताब नातवाकडे गेला. घराण्याचा वारसाक्रम कायद्याने बिनतक्रार चालला. रंगो बापूजी मात्र त्यानंतरही चार वर्षे अर्ज करीत लंडनातच होते. ते रिकाम्या हाताने परतले, १८५७ च्या धामधुमीत परागंदा झाले, आणि त्याच वर्षी त्यांचा मुलगा सीताराम याला कंपनी सरकारने साताऱ्यात फाशी दिले.